पाहुण्या पेशी

ओजसचं हृदय मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बुधवारी, सकाळी सव्वादहाच्या सुमारास. मोहरीच्या दाण्याएवढं होतं. काचेच्या बशीच्या तळाला चिकटलेलं, फिकट गुलाबी द्रवाखाली, आणि ते धडधडत होतं. ओजसला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

त्याला हृदय म्हणणं शास्त्राला धरून नाही, हे मला कळतं. हृदयाच्या स्नायूपेशींचा तो एक लहानसा पुंजका होता, दोन-अडीच हजार पेशींचा. पण मी बावीस वर्षं राष्ट्रीय जीवरसायन व रेणुजीवशास्त्र संस्थेत पेशी वाढवण्याचं काम केलंय. उंदरांच्या, माकडांच्या, माणसांच्या कितीतरी पेशी धडधडताना पाहिल्यात. त्या सकाळी मात्र मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले आणि स्टुलावर मागे सरकून बसले. मला वाटलं, त्याने मला पाहिलं.

ओजस माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला डेंग्यू झाला, आणि चार दिवसांत तो गेला. वीस वर्षांचा होता. त्याची आई शर्मिला, माझी थोरली जाऊ. मी त्यांना ताई म्हणते. ओजसच्या पाठीवर चार वर्षांनी गार्गी झाली, तेव्हा ताईंना बाळंतपणानंतर दीड वर्ष दुखणं लागलं होतं. त्या काळात ओजस आमच्याकडेच असायचा. मला मूल नाही. तो मला काकू म्हणायचा, पण घास माझ्याच हातचा खायचा.

हे सगळं कसं घडलं ते नीट सांगते.

बाई गरोदर असते तेव्हा बाळाच्या काही पेशी वारेतून निसटून आईच्या रक्तात जातात. बाळंतपणानंतर त्या सगळ्या मरत नाहीत. काही आईच्या हाडांच्या मज्जेत, यकृतात, अगदी हृदयातही घर करतात आणि तिथे वर्षानुवर्षं, कधी कधी तिच्या मरेपर्यंत राहतात. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणायचो. त्या आईत असतात हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण लाखो पेशींमधून एक हुडकायची आणि जिवंत बाहेर काढायची, हे कुणाला जमत नव्हतं. ते आमच्या डॉ. शहनाज इनामदारांनी जमवलं. नखाएवढ्या काचपट्टीवर केसाहून बारीक नाल्या कोरल्या, आईचं रक्त त्यातून सोडलं, आणि परकी पेशी आली की ती बाजूच्या नालीत वळेल अशी सोय केली. आम्ही तिला चाळण म्हणायचो. मुलगा असला तर ओळख पटवणं आणखी सोपं. बाईच्या रक्तात वाय गुणसूत्र असायला नको. ते ज्या पेशीत दिसेल, ती मुलाची.

हेतू चांगला होता. एखाद्या मुलाचं हृदय आजाराने निकामी झालं, तर त्याच्या आजारापूर्वीच्या, न बिघडलेल्या पेशी आईकडून घ्यायच्या, त्यांच्यापासून हृदयाचे स्नायू बनवायचे आणि ठिगळासारखे त्याच्या हृदयावर लावायचे. तपासणीसाठी आम्हाला अशा आया हव्या होत्या, ज्यांच्या बाळंतपणाला वीस वर्षं उलटून गेलीत. डॉक्टर म्हणाल्या, "रोहिणी, तुझ्या ओळखीत कुणी असेल तर बघ."

मी ताईंचं नाव दिलं.

का दिलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ताई तेव्हा घराबाहेर पडत नव्हत्या. रक्त द्यायच्या निमित्ताने संस्थेपर्यंत येतील, असं मी माझ्या नवऱ्याला, हेमंतला, सांगितलं. ते खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. तो तिथे आहे का, हे मला बघायचं होतं.

फॉर्मवर मुलाचं नाव, वय, आजार असे रकाने होते. मूल हयात आहे का, असा रकाना नव्हता. कुणाला सुचलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला एक्केचाळीस पेशी मिळाल्या. त्या आधी वाढवल्या आणि मग त्यांच्यापासून हृदयाचे स्नायू बनवले.

*

ताईंना सांगू नये, असं डॉक्टरांचं मत होतं. मी सांगितलं. संस्थेत घेऊन आले, खुर्चीत बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाचं चित्र पडद्यावर लावलं.

ताईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "हे आत्ताचं आहे?"

"हो ताई."

"रेकॉर्डिंग नाही ना?"

"नाही. तिकडे यंत्राखाली बशी आहे ना, तिच्यातलंच."

"मिनिटाला किती पडतात?"

"अठ्ठावन्न."

त्या पुढे वाकल्या. "पोटात होता तेव्हा दीडशेच्या वर पडायचे. डॉक्टरीणबाईंनी ऐकवले होते." आणि मग अगदी सहज, शाळेतून आलेल्या पोराकडे बघून कुणी आई म्हणेल तशा म्हणाल्या, "मोठा झालाय."

माझ्या अंगावर काटा आला. पण मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. ओजस गेल्यापासून त्यांनी कुणाला असा हात धरू दिला नव्हता. त्या दिवशी मला वाटलं, मी चांगलं काम केलंय.

त्या दर गुरुवारी दुपारी यायला लागल्या. पुढे ही गोष्ट कानोकानी पसरली. संस्थेला अशाच आणखी आयांची पत्रं आली. त्यांच्यात मुलं गमावलेल्या जास्त. डॉ. इनामदारांनी समितीपुढे विषय ठेवला, समितीने 'रक्तदात्यांना भेटीची परवानगी' अशा शब्दांत तो मंजूर केला. गुरुवारी तीन वाजता विभागाबाहेरच्या बाकांवर अकरा बायका बसलेल्या असायच्या. कुणी कुणाशी बोलायचं नाही. एकेकीला आत बोलावायचं, वीस मिनिटं. बाहेर पडताना चेहरा पाहिला की वाटायचं, ह्या कुठून तरी खूप लांबून आल्यात आणि त्यांना इथलं काही ओळखू येत नाहीये.

बशीच्या तळाला विजेच्या सूक्ष्म तारा बसवलेल्या असतात. पेशी आकसली की तारेत हलकासा झटका येतो, तो आम्ही मोजतो. ताईंनी विचारलं, ह्याचा आवाज करता येईल का? करता येतो. मी करून दिला. स्पीकरमधून टप्, टप्, टप्. त्यांनी तो मोबाइलमध्ये भरून घेतला.

दोन महिन्यांनी गार्गी मला भेटायला संस्थेच्या कँटीनमध्ये आली. तेव्हा ती शिकत होती, एकोणीस-वीस वर्षांची. चहा घेतला आणि घेतला तसाच ठेवला.

"काकू, तो घरात चालू असतो."

"काय?"

"तो आवाज. सकाळी उठल्यापासून. आई पोळ्या करते तेव्हा ओट्यावर, जेवताना ताटाशेजारी. बाबा सकाळीच डबा घेऊन गोदाकाठच्या बागेत जाऊन बसतात, संध्याकाळी येतात. मी कानात काहीतरी घालून बसते, तरी मला तो येतो. भिंतीतून येतो."

"मी बोलते ताईंशी."

"काय बोलणार? मला परीक्षेत पहिला नंबर मिळाला, ते सांगायला मी स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, हळू बोल गं, ठोका चुकला की काय कळेना."

मी हसून सोडून दिलं. खरंच हसले मी. गार्गी हसली नाही.

*

हृदयाची पेशी एकदा तयार झाली की ती पुढे दुभंगत नाही. बशीत ती काही महिने जगते आणि मग थकते. कायम वाढत राहणाऱ्या पेशी बनवायचं तंत्र होतं, पण गेलेल्या माणसाच्या बाबतीत कायद्याने ते वापरता येत नव्हतं. त्याची संमती कोण देणार? त्यामुळे पहिली बशी आठ महिन्यांनी थांबली. एका शुक्रवारी सकाळी मी पाहिलं तेव्हा पुंजका तसाच होता, फक्त हलत नव्हता.

ताईंना सांगितलं, तेव्हा त्या रडल्या नाहीत. बाही वर केली. "घे परत."

दुसऱ्या खेपेला सतरा पेशी मिळाल्या. तिसऱ्या खेपेपूर्वी डॉक्टरांनी त्यांना एक इंजेक्शन दिलं. मज्जेत रुतून बसलेल्या पेशी त्याने सैल होतात आणि रक्तात उतरतात. मज्जा दान करणाऱ्यांना देतात तसंच. त्यातून सहा आल्या. त्या सहांच्या बशीने साडेतीन महिने काढले. त्यानंतर आणखी दोनदा इंजेक्शन दिलं. हाती काहीच आलं नाही.

डॉ. इनामदारांनी ताईंना त्यांच्या खोलीत बोलावलं. मी सोबत होते.

"शर्मिलाताई, आता पुरे करू या. तुमच्या शरीरात त्याच्या पेशी उरलेल्या दिसत नाहीत."

"कुठे गेल्या?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "आपण काढल्या."

ताईंनी मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. बाहेर आल्यावर त्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात स्वतःच्या दंडांवरून, खांद्यांवरून फिरवत राहिल्या. गर्दीतून बाहेर पडल्यावर आपण पाकीट चाचपतो ना, तसं.

"पंचवीस वर्षं होता गं माझ्यात," त्या म्हणाल्या. "मला ठाऊकसुद्धा नव्हतं, तेव्हाही होता. बघायचा मोह केला, आणि संपवला."

त्यांना घरी सोडून मी परत आले. मोह मी दाखवला होता.

*

तीन-चार रविवार गेले. ताईंनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, तेव्हा हेमंत म्हणाला, "चला, सावरतायत." घरात आवाज नव्हता. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. आमचे दीर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, कितीतरी दिवसांनी दुपारचे घरी होते. गार्गी वाढत होती. तिला नुकतीच इथल्याच एका औषध कंपनीत नोकरी लागली होती.

ताई मला म्हणाल्या, "मी वाचलंय. पहिल्या मुलाच्या पेशी आईत राहतात, आणि दुसरं मूल त्याच आईत नऊ महिने वाढतं. मग त्या त्याच्यातही जातात. खरंय?"

घास माझ्या हातात राहिला. "कधी कधी जातात. नेहमी नाही."

"म्हणजे गार्गीत असेल."

 दादांनी ताटातच हात धुतला आणि उठून गॅलरीत गेले.

"ताई, ती..." मी सुरुवात केली.

"थोडं रक्त तर घ्यायचंय. माझं नाही का घेतलंस?" आणि ताईंनी गार्गीकडे पाहिलं. माझ्या आठवणीत इतकं निरखून त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. नजर तिच्या चेहऱ्यावरून उतरून गळ्यावर, हातावर, मनगटाच्या शिरेवर गेली. बंद दाराच्या फटीतून आत कुणी आहे का बघावं, तशी.

गार्गीने भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"घे काकू," ती म्हणाली. "माझ्याकडे असलेलं एवढं तरी तिला हवंय."

मंगळवारी ती संस्थेत आली. मी स्वतः रक्त घेतलं. ती खिडकीबाहेर अंजनेरीच्या डोंगराकडे बघत होती. "दोन्ही उत्तरं वाईटच आहेत ना?" तिने विचारलं. मी कापूस दाबून धरला.

गुरुवारी चाळणीतून नऊ पेशी बाहेर आल्या. नऊच्या नऊ पेशींत वाय गुणसूत्र होतं. जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. ओजस.

मी आकडा बघत उभी राहिले. ताईंना सांगितलं, तर त्या पुन्हा मागतील. ह्या नऊ संपल्या की परत. मग इंजेक्शन. बावीस वर्षांच्या मुलीच्या हाडांतून तिचा भाऊ खरवडून काढायचा, आणि तिने तो द्यायचा, कारण आई तेवढ्यासाठी तरी तिच्याकडे बघते. मला पुढची दहा वर्षं लख्ख दिसली.

मी फोन केला. "ताई, नाही सापडलं काही."

"नीट बघितलंस?"

"तीनदा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हे मी गार्गीसाठी केलं, असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी ताई तिच्याकडे बघून काय म्हणाल्या, ते मला खूप नंतर कळलं. ताई म्हणाल्या होत्या, "रिकामीच आहेस गं तू."

*

त्या नऊ पेशी मी फेकून द्यायला हव्या होत्या. नियमाप्रमाणे काम संपलं की नमुना नष्ट करायचा.

मी त्या वाढवल्या.

कारण शोधलं तर एकच सापडतं. ताईंच्या अंगात तो होता. गार्गीच्या अंगात होता. माझ्या अंगात त्याचं काही असायला जागाच नव्हती. दीड वर्ष मी त्याला न्हाऊमाखू घातलं, त्याचे ताप काढले, पण शास्त्राच्या हिशेबी मी त्याची कुणीच नव्हते. आता प्रथमच तो फक्त माझ्याकडे होता.

ह्या वेळचा पुंजका खसखशीच्या दाण्याएवढा झाला. सत्ताविसाव्या दिवशी धडधडायला लागला. मी बशी इन्क्युबेटरच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, मागे ठेवली. रोज जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा झाला की मी तिला बाहेर काढायची आणि पंधरा मिनिटं बघायची. एक दिवसाआड जुना द्रव शोषून नवा घालायची. रविवारी आणि सणालाही जायची. हेमंतला सांगायची, यंत्राचं काम निघालंय.

एकदा घरी चहा घेताना तो म्हणाला, "हे काय करतेस?"

"काय?"

"बोट."

माझं बोट टेबलावर पडत होतं. टप्, टप्, टप्. मला ते थांबवायला जड गेलं. त्यानंतर मी हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. पण मग ते दुसरीकडे यायचं. पायरी चढताना, भाजी चिरताना. विळीचा, पंख्याचा, शेजारच्यांच्या नळाचा आवाज हळूहळू अठ्ठावन्नावर यायचा. कधी वाटायचं, तो मला काहीतरी सांगतोय आणि मी नीट ऐकत नाहीये. त्या गुरुवारच्या बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आता माझ्या चेहऱ्यावर असणार. मी आरशात बघायचं टाळत होते.

ताईंकडे मी दोन महिने गेले नाही. त्यांचा आवाज फोनवर ऐकला तरी मला आपलं चोरटेपण त्यांना ऐकू जाईल, असं वाटायचं.

*

संस्थेचा एक नियम मी साफ विसरले होते. ज्याचं रक्त घेतलं, त्याला दर तीन महिन्यांनी त्याच्या नमुन्याचं काय झालं, हे संगणक आपोआप कळवतो. इन्क्युबेटरमधल्या प्रत्येक बशीवरचा नमुन्याच्या क्रमांकाचा ठसा तो स्वतः वाचतो.

गार्गी एका बुधवारी दुपारी दीड वाजता आली. मी बशी यंत्राखाली ठेवलेलीच होती. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

'आपल्या नमुन्यापासून वाढवलेले पेशीसमूह: एक. प्रकार: हृदयस्नायू. स्थिती: जिवंत.'

"हा माझा तर नाही ना?" तिने विचारलं. "माझं हृदय कशाला वाढवाल?"

मी खोटं बोलू शकले असते. जमलं नाही. "नऊ पेशी होत्या," मी म्हणाले.

ती भिंतीला टेकली. "म्हणजे मी रिकामी नव्हते."

तेव्हा तिने मला आईचं ते वाक्य सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही. "गेले तीन महिने मी रोज सकाळी उठून स्वतःला म्हणते, आपण रिकामे आहोत. आणि तुला ठाऊक होतं, काकू. तू इथे बसून बघत होतीस."

"तुला वाचवायला..."

"मला वाचवायला बशीत घालून ठेवलंस त्याला?"

 बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. मग ती म्हणाली, "दाखव."

मी बाजूला झाले. तिने डोळे लावले. ओजस गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि गुरुवारच्या भेटीला ताईंनी तिला एकदाही आणलं नव्हतं. ती किती वेळ बघत होती, मी मोजलं नाही.

"इतकासाच," ती म्हणाली. "ह्याच्यात माझा दादा नाहीये, काकू. दादा क्रिकेट बघताना शिव्या द्यायचा. माझी सायकल विचारल्याशिवाय न्यायचा." तिने डोळे पुसले, आणि परत लावले. "पण हा थकलेला वाटतो."

खरं होतं. गेल्या आठवड्यापासून गती उतरत होती. एकावन्न, एकोणपन्नास. मी द्रव बदलून बदलून ओढत होते.

"बंद कर," गार्गी म्हणाली. "आईला आपण सांगू. सगळं सांगू. पण हा चालू असताना नाही. चालू असताना सांगितलं तर ती सोडणार नाही. आणि मी तिला नाही म्हणू शकणार नाही. मला माहीत आहे ना मी कशी आहे."

नमुना तिचा होता. संमती मागे घ्यायचा कागद तिने तिथेच सही करून दिला. नियमाप्रमाणे बशीत निर्जंतुक करणारं औषध ओतायचं असतं, दोन सेकंदांत संपतं. मी बाटली काढली आणि झाकण उघडता येईना. गार्गीने ती माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"दुसरं कसं होतं?"

"इन्क्युबेटरच्या बाहेर ठेवली की निवत जाते. हळूहळू."

"मग तसंच."

आम्ही दोघी स्टुलं ओढून बसलो. डॉ. इनामदार एकदा दारात आल्या, पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेऊन गेल्या. पडद्यावर तो आकसत होता, सैल होत होता. चाळीस. एकतीस. मधली जागा लांबत गेली. प्रत्येक वेळी वाटायचं, झालं. आणि मग तो परत एकदा हलायचा. एकदा इतका वेळ गेला की गार्गी उठली, आणि तो हलला, आणि ती खाली बसली. त्या खोलीत मला प्रथमच कसलाच आवाज येत नव्हता.

तीन वाजून वीस मिनिटांनंतर तो हलला नाही. आम्ही चार वाजेपर्यंत बसलो. मग मी औषध ओतलं.

*

तिथून आम्ही सरळ ताईंकडे गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, एका दमात, काही न गाळता. नऊ पेशी, खोटं, बशी, आज दुपार.

ताईंच्या हातातली जुडी खाली पडली.

"तू बघत होतीस," त्या म्हणाल्या. "रोज. एकटी." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी इथे ह्या खोलीत बसून कान लावायची, कुठून तरी येईल म्हणून. आणि तू तिथे त्याला बघत होतीस?"

"हो ताई."

त्यांनी हात उगारला. मारला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण तो हात हवेतच राहिला, कारण मध्ये गार्गी आली होती. आणि तिच्याकडे बघता बघता ताईंचा चेहरा बदलला. काहीतरी आठवल्यासारखा.

"तुझ्यात होता?"

"होता," गार्गी म्हणाली.

"आणि मी तुला..."  त्यांनी गार्गीचा हात ओढून घेतला, बाही वर सारली, आणि जिथून मी तीन महिन्यांपूर्वी रक्त घेतलं होतं तिथे अंगठा फिरवला. तिथे काहीच दिसत नव्हतं. "दुखलं का गं?"

"आता नाही दुखत."

"किती वाजता थांबला?"

"तीन वीसला. आम्ही होतो जवळ."

ताई हात धरून तशाच बसून राहिल्या. आणखी असतील का, हे त्यांनी विचारलं नाही. मी वाट बघत होते. प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आलेला मी पाहिला, आणि त्यांनी तो गिळला तेही पाहिलं.

मग त्या उठल्या. मेथी होती तशी वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला केली. न्हाणीघरात जाऊन गिझर लावला. कपाटातून तीन धुतलेले टॉवेल काढले आणि एक माझ्या हातात दिला.

"डोक्यावरून घे," त्या म्हणाल्या. "तशीच घरी जाऊ नकोस. आधी गार्गी जाऊ दे."

आधी गार्गी गेली, मग मी, शेवटी ताई. बागेतून दादा आले तेव्हा आम्ही तिघी ओल्या केसांनी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. दादा चपला काढता काढता दारातच थांबले. एकीकडून दुसरीकडे बघत राहिले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. "कोण गेलं?"

ताईंनी केस मागे सारले.

"ओजस गेला," त्या म्हणाल्या, आणि दादांना बसायला जागा करून दिली.